पाच नावांचा अर्ज

११ ऑक्टोबर १९७७

सत्यभामा आज स्वयंपाकाला आली ती एकटी नव्हती. तिच्यामागून कुबडी टेकत एक मनुष्य फाटकातून आत आला आणि पायरीवर बसू लागला. मी खुर्ची पुढे केली तर म्हणाला, "नाई जी, खुर्चीवरून उठाले लय त्रास होते. पायरी बरी."

हा बाबूलाल. सत्यभामाचा नवरा तेजराम तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीत मुकादम होता, आणि बाबूलाल त्याच्या गँगमधला. गेल्या वर्षी ही अख्खी गँग नागपूरच्या एका एजंटामार्फत दुबईच्या पलीकडे कुठेतरी डोंगर फोडून रस्ता करायच्या कामावर गेली. तेव्हापासून सत्यभामा इथे बालाघाटला मोती तलावामागे आपल्या आईकडे, शेवंताबाईकडे राहते आणि माझा दोन वेळचा स्वयंपाक करते.

"एका सालाचा करार होता," बाबूलाल सांगू लागला. "साल सरलं. मुकादम म्हने, आता आमाले घरी धाडा. साहेब म्हने, रस्ता कुठी झाला? रस्ता करा, मंग जा. अन् पासपोट त्याच्या तिजोरीत."

"मग तू कसा आलास?"

"माह्या पायावर दगड पडला नं जी. मी कामाचा नाई राह्यलो. मले तं दुसऱ्याच हप्त्यात धाडलं, अन् विमानात खिडकीची जागा." आणि तो हसला. सत्यभामा हसली नाही.

मी विचारले, पासपोर्ट मुळात त्या लोकांच्या हाती गेलेच कसे? बळजबरीने घेतले?

"बळजबरी कायची? आमीच देल्ले. गेटावर साहेबानं हात पुढं केला. मुकादमानं साऱ्याइचे गोळा केले अन् गठ्ठा ठेवला त्याच्या हातावर. खदानीत नाई का करत? खाली उतराच्या आंधी आपला पितळी बिल्ला हाजरी ऑफिसात द्या लागते. मुकादम गँगचे बिल्ले जमा करून देते, सांजेले वर आले का मोजून परत घेते. बिल्ला खिळ्यावर हाय म्हंजे मानूस खालीच हाय, कंपनीले त्याले हुडका लागते. आमाले वाटलं, बिल्ला घेतला, आता जिम्मेदारी याइची."

मला राग आला. इतकी मोठी माणसे, आणि पासपोर्ट म्हणजे काय हे एकालाही ठाऊक नसावे! तसे मी बोललेही. बाबूलालने मान खाली घातली. सत्यभामा दाराला टेकून उभी होती, ती म्हणाली, "मुकादमाले खोकला झाला म्हनते, बाई. तिथं डोंगरावर पानी मारत नाई. सुकंच ड्रिल चालते. सारी धूळ छातीत."

"खाणीत पाणी मारतात?"

"हौ. खदानीत तं मारतेच. तिथं प्याले पुरत नाई, डोंगराले कोन पाजते?" मग म्हणाली, "तुमाले इंग्रजी येते नं? लिहा नं."

"कोणाला?"

"त्या साहेबाचा जो साहेब असन त्याले."

१२ ऑक्टोबर

साहेबाचा साहेब कोण, याचा विचार करत सकाळी बागेत हिंडत होते आणि एकदम सिस्टर बर्नार्डा डोळ्यांपुढे उभी राहिली. जबलपूरच्या शाळेत भूगोलाच्या वर्गात तिच्या टेबलावर पृथ्वीचा गोल असे, हिंदी महासागरापाशी चिरलेला. तो फिरवून ती आल्प्सच्या डोंगरांवर आपले गोरे, खडूने माखलेले बोट ठेवी आणि म्हणे, "मुलींनो, इथे जिनेव्हा. इथे सगळी राष्ट्रे एका टेबलाभोवती बसतात आणि गरिबांचे कसे करावे ते ठरवतात." आम्ही पंधरा-सोळा वर्षांच्या होतो. ते टेबल मला अगदी दिसे. त्यावर हिरवे कापड अंथरलेले असे, मध्ये पाण्याचा जग असे. पुढे युद्ध झाले, ते टेबल मोडले, नवे आले. पण मजुरांचे ऑफिस तिथेच राहिले हे मला ठाऊक आहे; हे वकिली करत होते तेव्हा त्यांच्या मासिकांत वाचल्याचे आठवते.

ह्यांचा टाइपरायटर काढला. फीत वाळली होती. पोस्टासमोरच्या टायपिंग क्लासमधून नवी आणवली. सिस्टर सांगत असे की पत्राने चांगल्या घरच्या मुलीसारखे खोलीत शिरावे. दार ठोठावावे, नमस्कार करावा, काम सांगावे, आणि निघावे. तसेच लिहिले.

तिकडे अडकलेल्या पाचांची नावे हवी होती. सत्यभामा सांगत होती, नथ्थू, प्रेमलाल, गेंदलाल, फागूलाल.

"आणि पाचवे?"

"मुकादम लिहा."

"अगं, जिनेव्हाला मुकादम कसा कळेल?"

"तुमाले तं कळते नं. मंग तुमीच लिहा." असे म्हणून ती कणीक मळायला गेली. मी तेजरामचे नाव सगळ्यात वर टाइप केले. एक प्रत दिल्लीला मंत्रालयाला, एक तिकडच्या आपल्या वकिलातीला.

१३ नोव्हेंबर

दिवाळी झाली. शेवंताबाई स्वतः येऊन अनारसे देऊन गेली. तिच्या हाताला अजून जाळी छान पडते.

लेकाचे, शरदचे, पत्र आले. विलायतेत, कॉव्हेन्ट्रीला थंडी सुरू झाली आहे. कारखान्यात त्याच्या हाताखाली आता दहा-बारा माणसे आहेत. या डिसेंबरला त्याला येता येणार नाही. तिकडचे नागरिकत्व घेण्यासाठी त्याने अर्ज केला आहे आणि पासपोर्ट तिथल्या कचेरीत जमा आहे. केव्हा परत मिळेल ते सांगत नाहीत. त्याने आपणहून दिला आहे, तेव्हा काळजीचे काही नाही. फराळाचे पार्सल पोचले. चकल्यांचा चुरा झाला, पण त्याच्या डेव्हिडने चुराच आवडीने खाल्ला म्हणे.

डेव्हिड आता चार वर्षांचा असेल.

१७ नोव्हेंबर

जिनेव्हाचे उत्तर! पोस्टमनने सायकल फाटकाला लावून स्वतः हातात दिले आणि तिकीट मागून घेतले. जाड, गुळगुळीत कागद. सोबत एक पुस्तिका. पत्र किती सभ्य! सिस्टरला आवडले असते.

पण मजकूर तसा गोड नाही. एकट्यादुकट्या माणसाच्या तक्रारीची दखल त्यांना घेता येत नाही. सरकारने करावी, नाहीतर कामगारांच्या किंवा मालकांच्या संघटनेने. शिवाय परदेशी जाणाऱ्या मजुरांविषयी एक करार १९४९ साली झाला आहे, आणखी एक अगदी अलीकडे, १९७५ साली. पण ज्या राष्ट्रांनी ते मान्य करून सही केली त्यांनाच ते लागू. आपण केलेली नाही. त्या देशानेही नाही.

दुपारभर पुस्तिका वाचली. राहायला जागा, औषधपाणी, त्या देशातल्या कामगाराला जसे वागवता तसेच याला वागवा, सगळे आहे. पासपोर्ट अडकवून ठेवू नये असे मात्र मला कुठे सापडले नाही. असेही कोणी करील हे लिहिणाऱ्यांना सुचले नसावे. स्थलांतरित मजूर कोणाला म्हणावे याची व्याख्याही आहे. स्वतःच्या धंद्यासाठी नव्हे, तर दुसऱ्याकडे नोकरी करायच्या हेतूने एका देशातून दुसऱ्या देशात जाणारी व्यक्ती. फार सैल व्याख्या आहे. असे पाहिले तर कोणीही तीत बसेल, इंजिनिअरसुद्धा. हे असते तर त्यांनी लगेच दाखवून दिले असते.

संध्याकाळी सत्यभामाला समजावून सांगितले. ती भाजी चिरत ऐकत होती.

"म्हंजे कायदा हाय."

"आहे."

"पन आपल्यावर लागू नाई."

"नाही."

"अन् त्या साहेबावर?"

"त्याच्यावरही नाही."

"मंग तो कायदा राह्यते कुठी जी? त्या पुस्तकातच?" आणि पुन्हा चिरू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "संघटना म्हंजे युनियनच नं? तिरोडीले युनियन हाय. मोतीलाल सेक्रेटरी. लय बोलते तो, पन हाय."

२६ नोव्हेंबर

कटंगीपर्यंत छोटी गाडी, तिथून बस. सत्यभामा आणि मी. वाटेत धानाची कापणी चालू होती. बायका ओळीने वाकलेल्या. किती दिवसांनी गावाबाहेर पडले! ह्यांच्याबरोबर हट्ट्याची पायऱ्यांची बावडी पाहायला गेलो होतो त्यानंतर बहुधा पहिल्यांदाच.

तिरोडीला सगळे लाल-काळे आहे. रस्ता, झाडे, कुत्रीसुद्धा. युनियनचे ऑफिस म्हणजे स्टेशनाजवळ एक खोली. मोतीलाल मिश्यांचा, भरल्या अंगाचा. मला पाहून उभा राहिला, टेबल रुमालाने पुसले, "बैठिये माताजी" म्हणाला, आणि मी मराठीत बोलू लागल्यावर त्याला हायसे वाटले.

सगळे ऐकून घेतले आणि मान हलवली. "पाहा जी, गोष्ट खरी हाय, दुख हाय मले. पन ते आता आमचे मेंबर नाई. खदान सोडून गेले. आता मी त्याइच्यासाठी कोन्या हक्कानं बोलू? वरून विचारन, मोतीलाल, तू दुबईचा सेक्रेटरी कधी झाला?"

सत्यभामा एवढा वेळ दारात उभी होती. "काय वो मोतीलालभाऊ," ती म्हणाली, "संपाच्या टायमाले भर उन्हात तुमच्या मंडपाचे खांब कोनं गाडले?"

"मुकादमानं."

"अन् पोलिसाची लाठी आली तवा तुमी कोनाच्या मांग लपलते?"

खोलीतली माणसे हसू लागली. मोतीलालही हसला, पण कान लाल झाले. "माय वो, लपलो नोतो. उभा होतो मांग."

"मंग आता त्याच्या मांगच उभे राहा. पुढं व्हा म्हनून कोन म्हन्ते?"

त्याने अर्ज ओढून घेतला. मी टाइप करून आणला होता, फक्त संघटनेच्या नावाची जागा मोकळी ठेवली होती. त्याने सही केली, शिक्का मारला, फुंकर घातली आणि म्हणाला, "मी फेडरेशनले धाडतो, ते दिल्लीले धाडन, दिल्लीवाले कुठी धाडन ते देवाले मालूम. पन पाचाइचं नाव राहीन त्यावर. हे पक्कं."

येताना बसमध्ये सत्यभामा माझ्या खांद्यावर झोपली. तिच्या केसांना खोबरेलाचा आणि धुराचा वास येतो. मी हललेच नाही.

१९ डिसेंबर

तो नागपूरचा एजंट आला होता. हिरालाल. सफारी सूट, गॉगल, पण बोलणे अगदी लाघवी. आल्याआल्या वाकून नमस्कार केला. ह्यांचा फोटो पाहून "वकीलसाहेबांचं मोठं नाव होतं जी, माझे वडील सांगत" म्हणाला. खरे असेलही.

वकिलातीने कंपनीकडे विचारणा केली आहे. म्हणजे अर्ज पोचला! आनंद चेहऱ्यावर दिसू दिला नाही.

"आंटीजी," हिरालाल म्हणाला, "कंपनी नाराज आहे. चूक झाली असेल, मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही कागद मागे घ्या, मी शब्द देतो, संक्रांतीच्या तिळगुळाला तेजराम घरी. मी स्वतः बोललो साहेबाशी. त्याला सोडायला तयार आहेत."

"आणि बाकीचे?"

"रस्ता झाला की. आता पाचही एकदम सोडले तर ड्रिल कोण मारणार? तुम्हीच सांगा."

मी म्हटले, विचार करून सांगते. तो नमस्कार करून सत्यभामाशीही दोन शब्द बोलून गेला. तिला वहिनी म्हणाला.

तो गेल्यावर ती पदराने हात पुसत माझ्यासमोर आली. "लिहून द्या, बाई."

"अगं, पण नथ्थू, प्रेमलाल..."

"मले मालूम हाय. अनुसया माह्या शेजारची, फागूलालची बायको. मी तिले तोंड कसं दाखवन ते माह्यं मी पाहीन." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "त्याचा खोकला बाबूलालनं पाह्यला. बाबूलाल माह्यासमोर पूर्न सांगत नाई. मले एक मानूस पाह्यजे. पाच नाई."

२३ डिसेंबर

परवा दिवसभर टाइपरायटरसमोर बसून होते. कोणाच्या बाजूने लिहावे? चौघांची नावे तशीच ठेवून एकट्याचे काढणे म्हणजे तक्रारीचा कणाच काढून घेणे. हे असते तर त्यांनी मला हे करू दिले नसते. पण हे सत्यभामासमोर बसून "नाही" म्हणाले असते का? मला वाटत नाही.

शेवटी सगळा अर्ज मागे घेतला नाही. एवढेच लिहिले की तेजरामबाबत तडजोड झाली असून त्याचे नाव कमी करावे, बाकी चौघांविषयीची तक्रार कायम आहे. हिरालाल कुरकुरला, पण घेऊन गेला. मोतीलालची सही लागणार होती, ती काल सत्यभामाने एकटीने तिरोडीला जाऊन आणली. तो काय बोलला ते तिने सांगितले नाही. मी विचारलेही नाही.

१३ जानेवारी १९७८

सत्यभामाने तीळ कुटले. माझ्याकडे वेलची मागितली. शेवंताबाई जावयासाठी नवे धोतर घेऊन आली.

१६ जानेवारी

तेजराम आला नाही. हिरालाल आला. आज गॉगल काढला नव्हता आणि आंटीजीही म्हणाला नाही.

"तुमचा माणूस वेडा आहे," तो दारातूनच म्हणाला. "साहेबानं पासपोर्ट समोर ठेवला. तिकीट ठेवलं. यानं दोन्ही उचललं, पाहिलं, आणि परत टेबलावर ठेवलं. म्हणतो, गठ्ठा देल्ला होता, पाचही द्या. एक कसा घेऊ? साहेब म्हणाला, बाकीचे नंतर. हा म्हणतो, मंग माह्याही नंतर. मी काय करू? मी शब्द पाळला."

मला एवढा संताप आला! त्याच्यासाठी इतका आटापिटा, बायकोने लाज गुंडाळून ठेवली, आणि हा दारापर्यंत येऊन परत फिरला. मी म्हटले, हा निव्वळ हट्ट आहे.

सत्यभामा भिंतीला टेकून खाली बसली होती. हिरालाल निघून गेला तरी ती उठली नाही. मी पाणी दिले. ती प्यायली.

"हट्ट नाई, बाई," ती म्हणाली. "सुरुंग उडाला का मुकादम शेवटी वर येते. अंदर कोनी राह्यला का पाहून. तो एक दिवस आंधी वर आलता, लगनाच्या पहिल्या साली. मी आजारी होती म्हनून. नथ्थूचा बाप खाली राह्यला." मग तोंडावर पदर ओढून घेतला. "मले वाटलं होतं, माह्यासाठी तो पुन्हा एक डाव आंधी येईन."

मी तिच्याजवळ खाली बसले. गुडघ्यांमुळे नंतर उठताना तिनेच हात दिला.

१७ जानेवारी

सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर आली. अंघोळ करून, वेणी घालून. चूल न पेटवता सरळ टाइपरायटरच्या खोलीत गेली.

"त्याचं नाव परत टाका."

"सगळ्यात वर?"

थोडा विचार केला. "नाई. सगळ्यात खाली टाका. त्याले तेच बरं वाटन."

तसे टाइप केले. आपल्या धन्याचे नाव खाली घालायला सांगताना तिच्या तोंडावर जे होते तो राग होता की आणखी काही, मला नीट कळले नाही. अर्ज घेऊन ती आधी अनुसयाकडे गेली, मग तिरोडीला.

८ फेब्रुवारी

काही नाही. दिल्लीकडून पोच आली, एवढेच. सत्यभामा भाकरी थापताना हल्ली गुणगुणत नाही. पेरूला कीड लागली आहे.

२ मार्च

वकिलातीचे पत्र. आमचा एक अधिकारी प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन चौकशी करील, असे लिहिले आहे. तारीख नाही.

शरदचेही पत्र आज आले. त्याला नागरिकत्व मिळाले. आता भारतात यायचे तर त्याला आपल्याकडून परवाना काढावा लागेल का, ते पाहून तो कळवणार आहे. उन्हाळ्यात नाही, पण पुढच्या वर्षी नक्की असे त्याने लिहिले आहे. गेल्या वर्षीही 'नक्की'च लिहिले होते, पण तेव्हा खरोखरच त्याची अडचण झाली होती. मी अभिनंदनाचे पत्र टाइप केले. एकही चूक झाली नाही.

१५ मार्च

मुंबईहून तार आली. मोतीलालने तिरोडीहून माणूस पाठवून आणखी तपशील कळवला. पाचही मुंबईला उतरले. लेबर ऑफिसात जबाब द्यायचा आहे म्हणून तिरोडीला न जाता आधी बालाघाटला येणार.

सत्यभामाने तार हातात घेतली, उलटी धरली, सरळ केली आणि मला परत दिली. "भाजीत मीठ टाकलं का मी?" म्हणाली. टाकले होते. दोनदा.

१७ मार्च

दुपारच्या गाडीने आले. गोंदियाहून येणारी छोटी गाडी नेहमीप्रमाणे उशिरा आली. स्टेशनामागे पळस नुसता पेटला आहे. बायका झाडाखाली घोळका करून बसल्या होत्या. अनुसया आणि सत्यभामा एकाच पोत्यावर, पण पाठीला पाठ. मोतीलाल हार घेऊन आला होता. बाबूलाल कुबडीवर पुढेमागे करत होता. मी बाकावर.

गाडी थांबली. पहिला नथ्थू उतरला. अगदी पोरगाच आहे तो! मग प्रेमलाल, गेंदलाल. सगळे वाळलेले, उन्हाने काळे, अंगात एकसारखे निळे शर्ट. फागूलालला पाहून अनुसया पळतच गेली. मोतीलाल एकेकाच्या गळ्यात हार घालत भाषणाच्या तयारीत होता; कोणी ऐकत नव्हते.

नथ्थूने मला वाकून नमस्कार केला आणि एका दमात सगळे सांगितले. होळीच्या आधी घरी जायचे म्हणून पाचही जणांनी एका सकाळी ड्रिल मशिनी खाली ठेवल्या. साहेबाने पोलीस बोलावले. ते या पाचांना गाडीत घालायलाच निघाले होते, तेवढ्यात वकिलातीचा माणूस मोटारीने आला. त्याच्या हातात कागद होता. त्याने उभ्या उभ्या पाच नावे वाचली आणि म्हणाला, ही पाच माणसे मला दाखवा. "साहेबाचं तोंड पाह्यासारखं झालतं, आजी! त्याले वाटलं होतं आमाले कोनी वळखतच नाई."

मशिनी खाली ठेवणे मला मुळीच पटले नाही. अर्जाची चौकशी चालू असताना असे काही करायचे नसते. आपलीच बाजू लंगडी पडते. तसे मी नथ्थूला सांगितले. "हौ जी," तो म्हणाला, "चुकलंच आमचं," आणि हसत हसत आईकडे पळाला. पण जिनेव्हाचे ते सभ्य पत्र, दिल्ली, वकिलात, आणि शेवटी तो मोटारीतला मनुष्य, हे सगळे एकमेकांना धरून कुठवर पोचले याचे मला आश्चर्य वाटत राहिले.

तेजराम सगळ्यात शेवटी उतरला. उंच, खांदे पुढे आलेले. उतरून त्याने डब्यात पुन्हा वाकून पाहिले, मग एकेकाची पेटी कोणाच्या हातात गेली ते पाहत उभा राहिला. खोकला आला की तोंड वळवून खोकत होता. सत्यभामा जागची हलली नाही. शेवंताबाई तिला कोपराने ढोसत होती, "जा नं वो." नाही गेली.

फागूलालचे बिऱ्हाड टांग्यात बसले. प्रेमलाल, गेंदलाल आपापल्या माणसांबरोबर फाटकाबाहेर पडले. नथ्थूला आई हाताला धरून नेत होती. तेव्हा तेजराम झाडाकडे वळला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटले, आता ती रडेल, किंवा भांडेल.

"सारे गेले घरी?" तिने विचारले.

"हौ."

"पाह्यलं नीट? कोनी राह्यलं तं नाई?"

त्याने खरोखरच मागे वळून फलाटावर नजर टाकली. गाडी निघून गेली होती. हमाल सावलीत बसले होते. मी अजून बाकावरच होते. इतक्या गर्दीनंतर लगेच उठावेसे वाटत नव्हते, आणि घरी तशी घाईही नव्हती.

तो तसाच माझ्यापर्यंत आला. "तुमी अजून कोनाची वाट पाहून राह्यल्या काय जी?"

"नाही," मी म्हटले. "कोणाची नाही."

"मंग चला," तो म्हणाला, आणि माझी छत्री उचलून, मी उठेपर्यंत उभा राहिला.